‘गिफ्ट’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष आणि स्वीडिशमध्ये ‘विवाहित’: एकाच शब्दाचे इतके दूरदूरचे अर्थ ऐकले की कोणालाही हा थट्टेचा विषय वाटतो. जर्मन शिकवण्याच्या पहिल्याच आठवड्यात हा विनोद सांगितला जातो आणि विद्यार्थी हसून पुढे जातात. मात्र या तीन अर्थांमागे एकच सुसंगत कथा आहे, आणि ती समजायला मराठी माणसाला युरोपातल्या अनेकांपेक्षा कमी कष्ट पडतात असे माझे मत आहे. ते का, हे पुढील उत्तरांत येईल.

हा शब्द कोणकोणत्या भाषांत आढळतो आणि कोठे कोणता अर्थ होतो?

लिहिताना सर्वत्र अक्षरे तीच, पण उच्चार आणि अर्थ वेगळे आहेत. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेटवस्तू किंवा उपजत देणगी. जर्मनमध्ये त्याच उच्चाराचा शब्द विषासाठी आहे. डच भाषेत त्याचा उच्चार घशातून खरखरीत ‘खिफ्त’ असा होतो आणि अर्थ आहे दान किंवा देणगी. स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोक ‘यिफ्त’ म्हणतात, तर डॅनिश लोक ‘गिफ्त’. या तिन्ही भाषांत विशेषण म्हणून तो ‘विवाहित’ आणि नाम म्हणून ‘विष’ असे दोन्ही अर्थ देतो. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन यांसारख्या लॅटिनपासून निघालेल्या भाषांत हा शब्द नाही, कारण तो मुळात जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांच्या, कुळाचा आहे.

हे दिसायला सारखे असलेले वेगवेगळे शब्द आहेत, की एकच शब्द आहे?

एकच आहे. ‘देणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूपासून इंग्रजीतले ‘गिव्ह’ आणि जर्मनमधले ‘गेबेन’ ही क्रियापदे आली, आणि त्याच धातूला एक प्रत्यय लागून हे नाम तयार झाले. म्हणजे मूळ अर्थ केवळ ‘देण्याची क्रिया’ किंवा ‘जे दिले ते’ एवढाच होता.

हा प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतात गम् पासून गति, मन् पासून मति आणि शक् पासून शक्ति होते, ते ज्या ‘ति’ प्रत्ययामुळे, त्याचाच जर्मानिक भाऊ ‘गिफ्ट’च्या शेवटच्या ‘ट’मध्ये बसलेला आहे. भारत-युरोपीय भाषाकुळाच्या आद्य अवस्थेत क्रियापदापासून भाववाचक नाम बनवण्याची ही सर्रास वापरातली रीत होती. धातू निराळे आणि साचा एक, असा हा प्रकार आहे.

‘गिव्ह’मध्ये ‘व्ह’ आणि ‘गेबेन’मध्ये ‘ब’ असताना ‘गिफ्ट’मध्ये ‘फ’ कोठून आला?

मागून लगेच ‘त’ आला की जर्मानिक भाषांत अलीकडच्या ओष्ठ्य व्यंजनाचा ‘फ’ होतो. जर्मनमध्ये ‘श्रायबेन’ म्हणजे लिहिणे आणि ‘श्रिफ्ट’ म्हणजे लिपी, ‘ग्राबेन’ म्हणजे खणणे आणि ‘ग्रुफ्ट’ म्हणजे थडग्याचे तळघर. इंग्रजीत ‘ड्राइव्ह’ची ‘ड्रिफ्ट’ही याच चालीवर आहे. आपल्याकडे लभ् ला तोच प्रत्यय लागला की ‘लब्धि’ होते. तिथे संधीने वेगळा मार्ग धरला, इतकेच.

मग ‘देणे’ या निरुपद्रवी अर्थातून जर्मनमध्ये ‘विष’ कसे निघाले?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तराची सुरुवात जर्मनीत नसून ग्रीसमध्ये होते. ग्रीक भाषेत ‘दोसिस’ म्हणजे देणे. आपले दान, दाता आणि ददाति ज्या धातूचे, त्याच धातूला तोच ‘ति’ प्रत्यय लागून हा शब्द झाला आहे (ग्रीकमध्ये त्या ‘ति’चा ‘सि’ झाला). ग्रीक वैद्यांनी तो ‘एका वेळी द्यावयाचे औषध’ या अर्थाने रूढ केला, लॅटिनमधील वैद्यकाने तो जसाच्या तसा उचलला, आणि तोच आज आपण डॉक्टरकडे ‘डोस’ म्हणून ऐकतो.

मध्ययुगीन जर्मन लेखकांपुढे हा लॅटिन-ग्रीक शब्द आला तेव्हा त्यांनी शब्दाला शब्द ठेवून त्याचा प्रतिशब्द घडवला. ‘दोसिस’ म्हणजे देणे, आणि देण्याला आपल्याकडे ‘गिफ्ट’ म्हणतात, तेव्हा औषधाची मात्रा म्हणजे ‘गिफ्ट’. येथपर्यंत विषाचा संबंध नाही. परंतु मात्रेच्या रूपाने जे दिले जाते ते नेहमीच बरे करण्यासाठी दिले जात नाही, आणि जे मारण्यासाठी दिले त्याचे नाव उघडपणे घेण्याची रीत कोणत्याच समाजात नसते. ‘त्याला काहीतरी दिले’ एवढेच म्हटले जाते आणि ऐकणारा समजून घेतो. असे सौम्य बोलणे पिढ्यान्‌पिढ्या चालले की सौम्यपणा झिजून जातो आणि आवरणाखालचा अर्थ हाच शब्दाचा मुख्य अर्थ होऊन बसतो. याला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट आहे. आज ‘क्षमा करणे’ किंवा ‘देऊन टाकणे’ या अर्थी वापरले जाणारे ‘फेरगेबेन’ हे जर्मन क्रियापद जुन्या काळी ‘विष घालणे’ या अर्थानेही वापरले जात असे. म्हणजे ‘देणे’ या संपूर्ण शब्दपरिवारावरच ही सावली पडलेली होती.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. किराणा दुकानात कोपऱ्यातल्या फळीवर जी पुडी असते तिला आपण ‘उंदराचे औषध’ म्हणतो. ते औषध उंदराला बरे करण्यासाठी नसते, हे सांगावे लागत नाही. शेतकरी पिकावर मारतो तेही ‘फवारणीचे औषध’च असते, आणि गावात ‘त्याने औषध घेतले’ असे हळू आवाजात कोणी सांगितले की पुढचे काही विचारण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे ‘औषध’ शब्दाचा रोग बरा करण्याचा अर्थ अजून भक्कम आहे, म्हणून दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. जर्मनमध्ये औषधासाठी दुसरे शब्द आले आणि ‘गिफ्ट’च्या वाट्याला फक्त वाईट अर्थ राहिला.

वैद्यकात ‘मात्रा’ आणि ‘विष’ यांचा हा संबंध कोणी स्पष्ट शब्दांत मांडला आहे का?

मांडला आहे, आणि तोही याच दोन शब्दांत. पॅरासेल्सस (1493–1541) या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या वैद्याने 1538 मध्ये आपल्या टीकाकारांना जर्मनमध्ये उत्तर लिहिले. औषध म्हणून तो विषारी द्रव्ये देतो असा त्याच्यावर आक्षेप होता. त्याच्या उत्तराचा आशय असा की सर्वच वस्तू विष आहेत, विषाचा अंश नाही अशी वस्तूच नाही, आणि एखादी वस्तू विष ठरू नये हे केवळ मात्रेमुळे शक्य होते. या विधानात विषासाठी ‘गिफ्ट’ आणि मात्रेसाठी ‘दोसिस’ असे दोन्ही शब्द आहेत. ज्या शब्दाचे भाषांतर म्हणून दुसरा जन्माला आला, त्याच्याच समोर तो त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा आहे, आणि लिहिणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला या नात्याची आठवणही उरलेली नाही, हे मला या सगळ्या कथेतले सर्वांत मौजेचे दृश्य वाटते.

आपल्या वैद्यकीतला ‘मात्रा’ हा शब्दही ‘मोजलेले माप’ या अर्थातून थेट औषधाचे नाव बनला आहे. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळून मधातून चाटवत, आणि ती नेमके किती वळसे उगाळायची याकडे घरातली वडीलधारी माणसे डोळ्यांत तेल घालून पाहत, कारण तिच्यात पाऱ्यासारखी द्रव्ये असत. मराठीत ‘मात्रा लागू पडणे’ हा वाक्प्रचार मात्र गुणाच्या बाजूने राहिला. या बाबतीत तो शब्द जर्मन शब्दापेक्षा नशीबवान म्हटला पाहिजे.

जर्मनमध्ये ‘भेट’ हा जुना अर्थ पूर्णपणे नाहीसा झाला आहे का?

स्वतंत्र शब्द म्हणून झाला आहे. आज भेटीला ‘गेशेंक’ आणि जरा भारदस्त भाषेत ‘गाबे’ म्हणतात. पण एका जोडशब्दात जुना अर्थ अजून शाबूत आहे. ‘मिटगिफ्ट’ म्हणजे ‘सोबत दिलेले’, अर्थात मुलीबरोबर सासरी दिला जाणारा हुंडा. हुंड्याच्या लोभाने लग्न जमवणाऱ्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट-शिकारी’ अशा अर्थाचा खास शब्दही आहे. या जोडशब्दातला दुसरा भाग विषाचा आहे असे समजून त्यावर कोट्या करण्याचा मोह जर्मन लोकांनाही आवरत नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्या कोट्या चुकीच्या आहेत, मात्र हुंड्याच्या बाबतीत त्या अगदीच अस्थानी आहेत असे म्हणवत नाही.

व्याकरणानेही हा भेद जपला आहे. ‘मिटगिफ्ट’ स्त्रीलिंगी आहे, कारण जुना ‘देणे’ अर्थाचा शब्द स्त्रीलिंगी होता, तर विषाचा ‘गिफ्ट’ आज नपुंसकलिंगी आहे. मराठीत उसन्या आलेल्या ‘गिफ्ट’चेही लिंग ठरलेले नाही. ‘भेट’ डोक्यात असलेला माणूस ‘गिफ्ट दिली’ म्हणतो आणि बाकीचे ‘गिफ्ट दिलं’ म्हणतात. आपल्याकडे या भेदामुळे अर्थ मात्र बदलत नाही.

स्वीडिश, नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांत त्याचा अर्थ ‘विवाहित’ कसा झाला?

येथे मराठी वाचकाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. ‘धाकटी कोठे दिली?’ या प्रश्नाला ‘साताऱ्याला दिली’ असे उत्तर मिळते, तेव्हा ‘लग्न’ हा शब्द कोणीच उच्चारत नाही. मुलगी दिली म्हणजे लग्न झाले. स्कँडिनेव्हियातही हेच घडले. ‘देणे’ या नामापासून ‘विवाहात देणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्याचे ‘दिलेली’ हे रूप ‘विवाहित’ या अर्थाने स्थिरावले. मुळात ते केवळ स्त्रीला लागू होते, कारण दिली जात होती ती स्त्री. पुरुषासाठी वेगळे क्रियापद होते, ज्याचा शब्दशः अर्थ ‘स्त्री करून घेणे’ असा होता. आपल्या ‘त्याने बायको केली’च्या अगदी जवळचा.

हे देणे कायद्यातही होते. जुन्या स्वीडिश कायद्यात स्त्रीला विवाहात देण्याचा अधिकार असलेल्या पुरुषाला ‘यिफ्तुमान’ अशी संज्ञा होती. सामान्यतः तो वडील असे, आणि वडील नसल्यास दुसरा जवळचा नातलग. 1734 च्या स्वीडिश कायदेसंहितेतही ही संज्ञा कायम राहिली, आणि प्रौढ अविवाहित स्त्रीला अशा पालकाच्या संमतीवाचून विवाह करण्याचा अधिकार 1872 मध्ये मिळाला. आज स्वीडिश माणूस स्त्री असो वा पुरुष, ‘लग्न करणे’ यासाठी जो शब्दप्रयोग करतो त्याचा मूळ अर्थ ‘स्वतःला देणे’ असा होतो. देणाऱ्याच्या जागी दुसऱ्या कोणाऐवजी ती व्यक्ती स्वतः आली, क्रियापद मात्र तेच राहिले.

एकाच शब्दाचे ‘विवाहित’ आणि ‘विष’ असे अर्थ असताना या भाषांत गोंधळ होत नाही का?

होत नाही. एक विशेषण आहे आणि दुसरे नाम, त्यामुळे वाक्यात त्यांची जागाच वेगळी असते. स्वीडिश अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘यिफ्त’ आणि ‘ऊयिफ्त’, म्हणजे विवाहित आणि अविवाहित, असे पर्याय छापलेले असतात, आणि तेथे खूण करताना कोणाच्या मनात विषाच्या बाटलीचे चित्र येत नाही. त्याच देशात विषबाधेबाबत सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या नावाची सुरुवातही याच शब्दाने होते आणि तेथे लग्न जुळवतात असा कोणाचा समज होत नाही. विनोद मात्र पुष्कळ होतात, आणि ते कसे असतील याची कल्पना कोणत्याही विवाहिताला करता येईल.

मुख्य म्हणजे हे दोन अर्थ एकातून दुसरा निघालेले नाहीत. ‘विवाहित’ हा अर्थ घरचा आहे, तर विषाचा अर्थ नंतर जर्मन प्रदेशातून आला. उत्तर जर्मनीच्या व्यापारी शहरांचा मध्ययुगात स्कँडिनेव्हियावर मोठा प्रभाव होता आणि तिकडून शेकडो शब्द आयात झाले, त्यांत हाही आला. त्याआधी विषासाठी स्कँडिनेव्हियाचा स्वतःचा ‘एइत्र’ हा शब्द होता. डॅनिशमध्ये कोळ्याला ‘एदरकॉप’ म्हणतात, त्यातला पहिला भाग म्हणजे हेच जुने विष. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ आज ‘पू’ या अर्थाने शिल्लक आहे.

आइसलँडिक भाषेत काय स्थिती आहे?

तेथे विषाचा आयात अर्थ रुजला नाही. विषाला आजही जुनाच शब्द ‘एइतुर’ आहे आणि ‘गिफ्त’ फक्त विवाहित स्त्री. विवाहित पुरुषासाठी त्याचे पुल्लिंगी रूप चालते, शिवाय ‘स्त्री केलेला’ या अर्थाचे जुने विशेषणही वापरात आहे.

इंग्रजीत फक्त चांगलाच अर्थ कसा राहिला?

इंग्रजीचा आजचा ‘गिफ्ट’ पूर्णपणे इंग्लंडचा नाही, हे त्याचे उत्तर. प्राचीन इंग्रजीत हा शब्द होता, पण त्याचा उच्चार ‘यिफ्ट’सारखा होता आणि अर्थ होता वधूमूल्य, म्हणजे बायकोसाठी मोजलेली किंमत. त्याचे अनेकवचन सरळ ‘विवाह’ या अर्थाने वापरत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज आणि आजचा स्वीडिश माणूस या शब्दाबाबत एकमेकांच्या बरेच जवळ होते. पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये व्हायकिंग वस्ती झाली, स्थानिक आणि नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची जुनी स्कँडिनेव्हियन भाषा, बोलणारी कुटुंबे शेजारी राहू लागली, आणि नॉर्स भाषेतला कठोर ‘ग’ असलेला, ‘दिलेली वस्तू’ या अर्थाचा शब्द इंग्रजीत शिरला. ‘गिव्ह’ या क्रियापदाचीही तीच गत झाली. त्याचे देशी रूप ‘य’ने सुरू होत असे आणि मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ते मागे पडले.

यात एक गंमत आहे. ज्या नॉर्स लोकांनी इंग्रजीला कठोर ‘ग’ दिला, त्यांच्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन वंशजांनी नंतर ‘इ’पूर्वीचा ‘ग’ मऊ करून स्वतः ‘यिफ्त’ म्हणायला सुरुवात केली. ज्या उच्चाराला इंग्रजांनी निरोप दिला, तो स्वतंत्रपणे समुद्रापलीकडे अवतरला.

डच भाषेत चांगला आणि वाईट असे दोन्ही अर्थ एकत्र आहेत, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ‘खिफ्त’ म्हणजे देणगी, आणि नेदरलँड्समध्ये धर्मादाय संस्थांना दिलेल्या रकमेवर प्राप्तिकरात सवलत मागताना हाच शब्द अधिकृतपणे वापरतात. विषासाठी शेवटचा ‘त’ गळालेले ‘खिफ’ किंवा ‘फरखिफ’ हे रूप रूढ झाले आणि त्याचे लिंगही वेगळे आहे. पण विशेषण करताना तो ‘त’ परत येतो आणि ‘खिफ्तिख’ म्हणजे विषारी होते. तेव्हा नाम दानशूर आणि त्याच्याच पोटी जन्मल्यासारखे दिसणारे विशेषण विषारी, असा प्रकार डच शिकणाऱ्याला निमूटपणे पाठ करावा लागतो.

लॅटिनमधील ‘हाबेरे’ आणि जर्मनमधील ‘हाबेन’ यांच्याशी या शब्दाचे नाते आहे काय?

दोघांचा अर्थ ‘जवळ असणे’ आहे, दोघांचे रूप जवळपास सारखे आहे, आणि तरीही ते एकमेकांचे नातेवाईक नाहीत. ध्वनिनियमांनुसार जर्मन ‘हाबेन’चे नाते ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘कापेरे’शी लागते. उलट ‘हाबेरे’चे नाते अनेक अभ्यासक ‘गेबेन’शी, म्हणजे पर्यायाने ‘गिफ्ट’शी जोडतात. एका भाषेत ‘जवळ असणे’ आणि दुसरीत ‘देणे’ हे कसे, असे वाटेल. पण याच धातूचे मानले जाणारे जुन्या आयरिशमधील क्रियापद चक्क ‘घेणे’ या अर्थाचे आहे. वस्तू या हातातून त्या हातात जाणे एवढाच मूळ धातूचा अर्थ असावा, आणि बोलणारा कोणत्या हाताच्या बाजूने उभा आहे यावर पुढचे ठरले असावे. आपण ‘देणेघेणे’ हा एकच शब्द करून टाकला आहे.

विषाच्या अर्थाने हा शब्द आणखी कोठे गेला आहे का?

एस्टोनियन भाषेत गेला आहे. ती जर्मानिक नाही, फिनिशच्या कुळातली आहे, पण तेथे शतकानुशतके जर्मन भाषक जमीनदारांचा आणि व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता. ‘किह्व्त’ असे रूप घेऊन हा शब्द विष या अर्थाने त्या भाषेत शिरला. आज तेथील बोलीत ‘किह्व्त’ म्हणजे झकास, भारी. तरुण मंडळींनी विषाचे पुन्हा कौतुक करून टाकले.

जर्मन बोलण्यात ‘गिफ्ट’ कोणत्या वाक्प्रचारांत येतो?

एखादी गोष्ट नक्की घडणार असे ठासून सांगायचे असेल तर जर्मन माणूस म्हणतो, ‘यावर तू विष घेऊ शकतोस’. कोणी संतापून वाटेल ते बोलत सुटला तर तो ‘विष आणि पित्त थुंकतो’. आपण अशा माणसाबद्दल ‘गरळ ओकतो’ म्हणतो. खुजा आणि खाष्ट माणूस म्हणजे ‘विषबुटका’. सर्वांत सुंदर शब्द ‘गिफ्टश्रांक’, म्हणजे विषाचे कपाट. औषधविक्रेत्याकडे घातक द्रव्ये कुलपात ठेवण्यासाठी असे कपाट असे, आणि त्यावरून ग्रंथालयात वाचकांच्या हाती सहजी पडू नयेत अशी पुस्तके ज्या कपाटात कोंडून ठेवत, त्यालाही तेच नाव मिळाले.

जर्मन पाहुण्याला दिलेल्या डब्यावर ‘गिफ्ट’ असे छापलेले असेल तर तो गैरसमज करून घेईल का?

सहसा नाही. इंग्रजी शब्द जवळजवळ प्रत्येकाला माहीत असतो आणि पाहुणा हसून डबा उघडतो. मात्र स्वतः जर्मनमध्ये चिठ्ठी लिहीत असाल तर ‘गेशेंक’ हाच शब्द लिहावा. ‘तुमच्यासाठी थोडे गिफ्ट पाठवत आहे’ हे वाक्य जर्मनमध्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि अडचण तीच आहे.